अण्णांची रेघ आणि दस्तगीरची दोरी

एका गावात एक पेव होतं आणि त्या पेवावर सात घरांचा जीव होता. गाव कृष्णेच्या काठी. तिथली माती चिकट आणि घट्ट. त्या मातीत तीन माणसांच्या उंचीइतका खोल खड्डा खणायचा, तळाला ऐसपैस, तोंडाशी एक माणूस जेमतेम उतरेल एवढा अरुंद. आत उसाचा पाला लावायचा, तोंडाखाली तळापर्यंत अरुंद वाट राखून भोवतीनं हळद ओतायची, तोंडावर फरशी ठेवायची आणि वरून चिखलानं लिंपायचं. झालं पेव. आत ताजी हवा नाही म्हणून कीड नाही. वर्षानं काढली तरी हळद पिवळीधमक.

फक्त एक अडचण होती. पेव थोडंसं उघडता येत नाही. एकदा फरशी हलवली की सगळी हळद बाहेर काढायची आणि विकून मोकळं व्हायचं. म्हणून गावाचा रिवाज असा, की सात घरांनी मिळून पेव भरायचं, पण ते कधी उघडायचं हे एकानंच सांगायचं. सातजण सात दिवशी उघडा म्हणाले तर पेवाचं काही खरं नाही.

सांगणारे होते गुरुपाद आवटी. सगळा गाव त्यांना अण्णा म्हणे. अण्णा हळदीचे व्यापारी, पण वजनात कधी हात मारला नाही. कुणाकडे अवेळी पाहुणे आले तर दूध अण्णांच्या घरून जायचं. माणूस लाखमोलाचा, खोट एकच. एखाद्या गोष्टीवर जीव जडला की तिच्याबद्दल वावगं ऐकून घ्यायची त्यांची तयारी नसे. परसात त्यांनी लावलेला आंबा अकरा वर्षं फळला नव्हता. अण्णा दर वर्षी सांगायचे, यंदा तो विचारात आहे. त्यांच्या पत्नी महानंदाबाई म्हणायच्या, “विचार झाला की कळवा म्हणावं.”

पेव भरायचं, लिंपायचं, उघडायचं आणि आत उतरायचं काम दस्तगीरचं. त्याआधी ते त्याच्या वडिलांचं. दस्तगीर आणि अण्णा एकाच वर्गात शिकले, एकाच घाटावर पोहायला शिकले. सात घरांतलं एक घर दस्तगीरचं होतं. अडीच एकरांतली त्याची सगळी हळद पेवात होती, आणि त्या हळदीत त्याच्या लेकीचं, शबानाचं, नर्सिंगचं शिक्षण होतं. दसऱ्याच्या आत फी भरली तर जागा तिची, नाहीतर पुढच्या मुलीची. हे साऱ्या गावाला ठाऊक होतं. अण्णांना तर सगळ्यात जास्त, कारण फॉर्मवरची सही त्यांच्याच ओसरीवर झाली होती.

पूर्वी अण्णा भाव हुंगून सांगत. म्हणजे मूठभर हळद घेत, नाकाशी धरत, डोळे मिटत आणि म्हणत, “आठ दिवस थांबा.” कधी जमायचं, कधी फसायचं. त्या वर्षी पाडव्याला त्यांची लेक गिरिजा हुबळीहून माहेरी आली आणि तिनं त्यांच्या कॉम्प्युटरवर बाजारभावाचा चार्ट लावून दिला. रोजचा हळदीचा भाव त्यावर वरखाली चालताना दिसे. त्याच्या अंगानं एक निळी रेघ संथपणे जात असे.

“ही कसली रेघ?” अण्णांनी विचारलं.

“सरासरीची,” गिरिजा म्हणाली. “समजा तीस दिवसांची धरली. तर मागच्या तीस दिवसांचे भाव घ्यायचे, बेरीज करायची, तीसनं भागायचं. एक ठिपका आला. उद्या सगळ्यात जुना दिवस सोडून द्यायचा, आजचा धरायचा, परत भागायचं. दुसरा ठिपका आला. ठिपके जोडले की रेघ.”

महानंदाबाई भाजी निवडत ऐकत होत्या. त्या म्हणाल्या, “म्हंजे एका दिवसाच्या रुसव्याफुगव्याकडं बघायचं न्हाई. महिन्याचा सूर बघायचा.”

“बरोबर. भाव रेघेच्या वर आहे तोवर बाजाराचा सूर चढता. रेघेच्या खाली उतरला, की सूर बदलला असं समजायचं.”

“आणि ह्या चौकोनात काय?” अण्णांनी कोपऱ्यातल्या बारीकशा चौकोनावर बोट ठेवलं.

“त्यात दिवस लिहायचे. पाच लिहा, पन्नास लिहा, दोनशे लिहा. रेघ त्याप्रमाणं बदलते.”

“मग बरोबर आकडा कुठला?”

गिरिजा हसली. “असा एक बरोबर आकडा नसतो, अण्णा. थोड्या दिवसांची रेघ लगेच घाबरते. जास्त दिवसांची उशिरा जागी होते. आपल्याला झेपेल असा एक ठरवायचा आणि मग त्याच्याशी नांदायचं.”

अण्णांना हे फार आवडलं. पेव लिंपायच्या दिवशी सातही घरं जमली, तेव्हा अण्णा फरशीवर उभे राहिले आणि म्हणाले, “यंदा हुंगणं बंद. तीस दिवसांची रेघ धरलीय. भाव रेघेच्या वर असंल तवर पेव बंद. ज्या दिवशी बाजार उठताना भाव रेघेखाली असंल, त्याच्या दुसऱ्या दिवशी फरशी हलवायची. हा माझा शब्द.” कुणाला रेघ कळली, कुणाला नाही. शब्द मात्र सगळ्यांना कळला. महानंदाबाईंनी वाटीत हळद कालवली आणि कॉम्प्युटरच्या वरच्या भिंतीवर बोटानं ठसठशीत लिहिलं: ३०.

पुढचे चार महिने सुखाचे गेले. भाव वर चढत होता, रेघ त्याच्या मागून येत होती. अण्णा रोज सकाळी चहाचा कप घेऊन चार्टसमोर बसत. इतके बसत, की त्या वर जाणाऱ्या भावावर त्यांचा जीव जडला. नातवंडाच्या पावलांकडे बघावं तसे ते बघत आणि महानंदाबाईंना बोलावून दाखवत. दस्तगीर येता-जाता ओसरीवरून विचारायचा, “काय म्हंती रेघ?” अण्णा म्हणायचे, “थांब म्हंती.” दस्तगीर मान हलवून निघून जायचा.

श्रावणात एका दिवशी भाव रेघेच्या खाली गेला.

अण्णांनी चष्मा पुसला. परत बघितलं. भाव खालीच होता. फार नाही, नखभर. आता खरं म्हणजे उठायचं, चपला घालायच्या आणि दस्तगीरला सांगायचं, उद्या फरशी हलव. पण अण्णांना वाटलं, एवढंसं खाली गेलं म्हणून लगेच घराबाहेर काढायचं? चार महिने ज्यानं एवढं सुख दिलं त्याला एक दिवस पाय घसरायची मुभा नको? त्यांचं बोट आपसूक त्या बारीक चौकोनाकडे गेलं. तीस खोडून त्यांनी पन्नास लिहिलं. निळी रेघ जागची हलली आणि गुपचूप खाली जाऊन बसली. भाव पुन्हा रेघेच्या वर आला.

अण्णांनी सुस्कारा सोडला. भाव होता तिथंच होता, हे त्यांच्या लक्षात आलं नाही असं नाही. लक्षात आलं आणि त्यांनी चहा पिऊन टाकला.

संध्याकाळी दस्तगीरनं विचारलं, “काय म्हंती रेघ?”

“थांब म्हंती,” अण्णा म्हणाले. ते काही अगदी खोटं नव्हतं. रेघ तसं म्हणतच होती. कुठली रेघ, हे दस्तगीरनं विचारलं नाही. चाळीस वर्षांत त्याला अण्णांना असं काही विचारायची वेळ आली नव्हती.

पंधरा दिवसांनी भाव पन्नासच्या रेघेखाली उतरला. अण्णांनी शंभर लिहिलं. गणपती बसले, उठले, आणि भाव शंभरच्याही खाली गेला. अण्णांनी दोनशे लिहिलं. दोनशेची रेघ अण्णांना फारच भावली. ती सरळ, शांत, कुणाला दुखवायला तयार नसलेली. गावात एखादे वयस्कर गृहस्थ असतात, काहीही विचारा, “चाललंय की बरं” म्हणतात, तशी ती रेघ होती. तिच्या भरवशावर पितृपंधरवडा निघून गेला.

महानंदाबाईंना दिसत होतं. त्या एकदा केर काढता काढता म्हणाल्या, “अवं, भिंतीवर तीस हाय. आत दोनशे कसं?”

“तू समजत न्हाईस. लांबचा विचार करायला लागतो.”

“लांबचा विचार करायला माझी ना न्हाई,” महानंदाबाई म्हणाल्या. “पन चैत्रात करायचा हुता. आता जो चाललाय तो विचार न्हवं, ती समजूत हाय.” आणि त्यांनी कॉम्प्युटरखालचा केर जरा जोरातच काढला. अण्णांनी पाय वर घेतले. त्यांना राग आला नाही. राग यायला समोरच्याचं थोडं तरी चुकावं लागतं.

घटस्थापना झाली आणि भाव दोनशेच्या रेघेखालीही गेला. आता चैत्रातला भाव आणि आताचा भाव जवळजवळ एकच. अण्णांनी तीनशे लिहून पाहिलं. उपयोग झाला नाही. ती रात्र अण्णा तळमळले. सकाळी बाजार उघडला तो जरासा हसऱ्या चेहऱ्यानं. सलग दोन दिवस भाव किंचित वर सरकला. लगेच अण्णांचं बोट चौकोनाकडे गेलं. ह्या वेळी त्यांनी तीनशे खोडून लिहिलं पाच. पाच दिवसांची रेघ. आणि काय आनंद, भाव रेघेच्या वर. ज्यानं कालपर्यंत दोनशे दिवसांचा लांबचा विचार चालवला होता, तो माणूस आज पाच दिवसांवर आला होता, आणि दोन्ही वेळा आपण बाजाराचंच ऐकतोय अशी त्याची खात्री होती.

पण फीची मुदत तीन दिवसांवर आली होती. दस्तगीर ओसरीवर येऊन बसला. टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. नेमका तेव्हाच परगावच्या मसाल्याच्या कारखान्यातून माणूस आला. त्याला एक गाडीभर हळद त्याच दिवशी हवी होती आणि तो बाजारापेक्षा चढा भाव द्यायला तयार होता. अट एकच, दिवस मावळायच्या आत गाडी भरून निघाली पाहिजे.

अण्णांना वाटलं, देव पावला. ह्या भावानं श्रावणापासूनचं नुकसान निम्मं तरी भरून निघेल, मग कुणाला काही सांगायलाच नको. ते म्हणाले, “दस्तगीरा, फरशी हलव.”

पेवाची फरशी हलली. पेव उघडलं म्हणून लगेच आत उतरता येत नाही. आत महिनोन्महिने कोंडलेली हवा असते. ती माणसाला दोन श्वासांत आडवं करते. आडवा झालेला हाकही मारत नाही. म्हणून तोंड उघडून वाट बघायची आणि मग दोरीला कंदील बांधून आत सोडायचा. तळापर्यंत जाऊन जळत राहिला तर उतरायचं. विझला तर थांबायचं. दस्तगीरची दोरी त्याच्या वडिलांच्या हातची होती. पेवाच्या तळापर्यंत पोचेल इतकी मोजून केलेली, टोकाशी एक जाड गाठ. ती गाठ पेवाच्या काठाला टेकली म्हणजे कंदील तळाला टेकला.

दुपारी दस्तगीरनं कंदील सोडला. गाठ काठाला टेकायच्या आधीच खालचा उजेड गेला. त्यानं दोरी वर ओढली, काच पुसली, वात पेटवली आणि बाजूला बसला. तासाभरानं परत सोडला. परत विझला.

कारखान्याचा माणूस घड्याळ बघत होता. सहा घरांची माणसं भोवती उभी होती. सूर्य पिंपळाच्या शेंड्याला लागला. अण्णा फेऱ्या मारत होते. दस्तगीरनं तिसऱ्यांदा कंदील सोडला आणि अण्णा काठाशी वाकून बघायला लागले. अर्ध्या खोलीपर्यंत कंदील छान जळत होता. हळदीच्या राशीचा वरचा भाग पिवळा चमकला. मग दोरी आणखी खाली गेली आणि ज्योत लवली, निळी पडली, विझली.

“अर्ध्यावर तर जळतोय की,” अण्णा म्हणाले.

“अर्ध्यावर जळतोय,” दस्तगीर म्हणाला. “तळाला इझतोय.”

“वरची रास तर वरच हाय. दोरी थोडी आखूड सोड. अर्ध्यापतूर दिवा ऱ्हातोय, तेवढ्यापतूर उतर. काय हुतंय?”

दस्तगीरनं अण्णांकडे बघितलं. मग घड्याळ बघणाऱ्या माणसाकडे बघितलं. मग पेवापासून जरा लांब उभ्या असलेल्या शबानाकडे बघितलं. तिच्या हातात प्लास्टिकच्या पिशवीत घातलेले फीचे कागद होते. ती सकाळपासून तशीच उभी होती.

दस्तगीर उठला. त्यानं कंदिलाची दोरी बाजूला ठेवली आणि दुसरी दोरी कमरेला बांधायला घेतली.

“माझ्या बापानं दोरी कधी आखूड सोडली न्हाई,” तो शांतपणे म्हणाला. “रास पायाखाली खचती, अण्णा. अर्ध्यावर उतरलेला मानूस अर्ध्यावर ऱ्हात न्हाई. पन सा म्हैनं तुमची रेघ बघतोय. ती थांब म्हनली, आमी थांबलो. ती उगड म्हनली, आमी उगडलं. रेघंला तुमी फसवलं न्हाई, मग दिव्याला कशाला फसवशिला? तुमी म्हंताय तर उतरतो.”

तो काठाशी बसला आणि त्यानं दोन्ही पाय आत सोडले.

त्या क्षणी अण्णांना स्वतःचं बोट दिसलं. चौकोनावर ठेवलेलं. तीस, पन्नास, शंभर, दोनशे, पाच. आपण श्रावणापासून काय करत होतो ते एका दमात त्यांना कळलं. दिवा जिथं विझतो तिथपर्यंत दोरी सोडायचीच नाही आणि मग म्हणायचं, बघा, जळतोय. त्यांनी झेप घेतली आणि दस्तगीरला दोन्ही काखांत हात घालून मागं ओढलं. दोघंही हळदीसाठी आणलेल्या रिकाम्या पोत्यांवर कोसळले. अण्णांची टोपी पेवात पडली. ती तळाला गेल्याचा आवाजही आला नाही.

“उतरू नगंस,” अण्णा म्हणाले. “मी फसवलंय. दिव्याला आज फसवत हुतो, रेघंला श्रावणापास्नं फसवतोय.” आणि तिथंच, पोत्यांवर बसल्या बसल्या, त्यांनी सातही घरांसमोर सगळं सांगितलं. श्रावणात रेघेनं पेव उघड म्हणून सांगितलं होतं. त्यांनी आकडा बदलला. परत सांगितलं, परत बदलला. भाव पडत होता आणि ते रेघ हलवत होते. “तुमी मला इचारायचा, रेघ काय म्हंती. मी तुमाला सांगत हुतो ते माझंच म्हननं हुतं. रेघंच्या तोंडात घालून सांगत हुतो.”

कारखान्याचा माणूस आला तसा निघून गेला. त्याची गाडी रिकामीच परतली. माणसंही एकेक करून उठली. कुणी शिव्या दिल्या असत्या तर अण्णांना बरं वाटलं असतं. दस्तगीरनं दोरी गुंडाळली, खांद्यावर टाकली आणि शबानाला घेऊन निघाला. जाताना त्यानं अण्णांना रामराम केला नाही. चाळीस वर्षांत असं पहिल्यांदाच झालं.

रात्रभर पेवाला वारा लागला. दुसऱ्या दिवशी सकाळी कंदील तळापर्यंत गेला, गाठ काठाला टेकली आणि उजेड तसाच राहिला. दस्तगीर उतरला. हळद बाहेर आली, आणि तिच्याबरोबर अण्णांची टोपीही आली, पिवळी होऊन. हळद गावच्या बाजारात मिळेल त्या भावानं विकली गेली. अण्णांनी सहाही घरांना श्रावणातल्या त्या दिवसाचा भाव दिला. कमी पडलं ते स्वतःच्या वाट्यातून घातलं. स्वतःच्या वाट्यात मग फारसं काही उरलं नाही. त्या दिवशी महानंदाबाईंनी अण्णांच्या ताटात भाकरीवर लोण्याचा गोळा वाढला. शबानाची फी मुदतीच्या दिवशी दुपारी भरली गेली.

तरी दस्तगीर ओसरीवर येईना. अण्णा रोज संध्याकाळी त्याच्या वाटेकडे बघत बसत. पैसे परत करता आले होते. “काय म्हंती रेघ?” हा प्रश्न कसा परत मिळवायचा, ते त्यांना कळत नव्हतं.

दसऱ्याच्या संध्याकाळी गाव सोनं लुटून परतलं. अण्णा ओसरीवरच होते. दस्तगीर आला, त्यानं आपट्याची पानं अण्णांच्या हातात ठेवली आणि नेहमीच्या जागी बसला.

“मला राग पैशाचा न्हवता,” दस्तगीर म्हणाला. “श्रावनातच सांगितलं असतंसा, बोट धजत न्हाई दस्तगीरा, तर मी येऊन बसलो असतो शेजारी. दोघांनी मिळून धजवलं असतं.”

अण्णांच्या डोळ्यांत पाणी आलं. त्यांनी ते लपवलं नाही.

“फुडल्या वर्सी पेव भरायचं का न्हाई?” दस्तगीरनं विचारलं.

“कोन इश्वास ठेवंल माज्यावर?”

“मी ठेवतो की. पन चौकोन वैनींच्या ताब्यात.”

आतून महानंदाबाईंचा आवाज आला, “मी आधीच घेतलाय.”

पुढच्या चैत्रात पेव पुन्हा भरलं. महानंदाबाईंनी भिंतीवरचा जुना आकडा पुसला नाही, त्यावरूनच हळदीचं बोट फिरवून तो ताजा केला. अण्णा रोज सकाळी चार्टसमोर बसत, पण दोन्ही हात पाठीमागं बांधून. बघणाऱ्याला वाटावं, शिक्षा झाली आहे. आषाढात एका दिवशी भाव तीसच्या रेघेखाली गेला, नखभर. अण्णांच्या पाठीमागच्या बोटांची चुळबुळ झाली. मग ते उठले आणि एका पायात आपली, एका पायात महानंदाबाईंची चप्पल घालून तडक दस्तगीरच्या दारात गेले. “पाऊस उघडलाय. उद्या फरशी हलव,” ते म्हणाले.

हळद विकली गेली. आणि गंमत बघा, तीन आठवड्यांनी भाव पुन्हा चढला, चांगला चढला. अण्णांना वाटलं, आता लोक ओसरीवर चाल करून येतील. ते स्वतःच जाऊन दस्तगीरला म्हणाले, “थांबलो असतो तर आनखी मिळालं असतं रं.”

दस्तगीर दोरीला तेल लावत होता. त्यानं मान वर केली नाही. “मिळालं असतं. माझा बा पन कितीतरी येळा उगाच थांबला आसंल. दिवा इझला म्हनून थांबला, आन् हवा तासाभरात निवळली आसंल. पन म्हातारा सत्तर वर्सं जगला, अण्णा. पेवात न्हाई मेला, खाटंवर मेला.”

त्या वर्षी सातापैकी एकाही घरानं पेव सोडलं नाही. उलट आणखी दोन घरं विचारायला आली.

शबाना दोन वर्षांनी सुट्टीला घरी आली ती पांढऱ्या कपड्यांत आणि रक्तदाब मोजायचं यंत्र घेऊन. पहिला मान अण्णांचा. ओसरीवर त्यांच्या डाव्या दंडाला तिनं पट्टा गुंडाळला, फुगवला, कान देऊन ऐकलं आणि आकडा सांगितला. आकडा काही चांगला नव्हता. मीठ कमी, पापड-लोणचं बंद, असं ती म्हणाली.

“आत्ताच चालून आलोय,” अण्णा म्हणाले. “आनि हा हात हाय डावा. उजव्यावर बघ की एकदा.”

“बघते,” शबाना म्हणाली. ती हसत होती. “पण नीट पाच मिनिटं बसून मोजलंय, अण्णा. हवं तर दोन्ही हातांवर मोजू, पण मग जो जास्त येईल तो तुमचा.”

अण्णांनी उजवा हात पुढे केला होता. त्यांची नजर सहज आत गेली, भिंतीवरच्या पिवळ्या आकड्याकडे. तिथून पायरीवर बसलेल्या दस्तगीरकडे. तो नुसता वाट बघत होता. अण्णांनी हात हळूच मागं घेतला आणि सदऱ्याची बाही खाली ओढली.

“ऱ्हाऊ दे,” ते म्हणाले. “हाय तोच लिही.” आणि आत वळून त्यांनी महानंदाबाईंना सांगितलं, लोणच्याची बरणी दस्तगीरच्या घरी पाठवून दे.

तात्पर्य: बाजार मोजायचं माप आपणच निवडावं, पण मोजायला बसण्याआधी. उत्तर नावडलं म्हणून जो माप बदलतो, तो स्वतःची हौसच मोजत बसतो. आणि त्याच्या शब्दावर विसंबून दुसराच कुणीतरी अंधारात पाय सोडतो.